वॅटांची वरात

आपल्याकडे कलिंगड घेताना माणूस ते आधी उचलून बघतो, मग त्यावर टिचकी मारतो आणि शेवटी चेहरा गंभीर करून "घ्या" म्हणतो. लाउडस्पीकर घेतानाही तो नेमके हेच करतो. खोके उचलतो, पडद्यावर टिचकी मारतो, "वजन आहे हो!" असे उद्गार काढतो आणि पैसे मोजतो. कलिंगडाच्या बाबतीत या परीक्षेचा निदान काही उपयोग होतो. लाउडस्पीकरच्या बाबतीत तिने जेवढे नुकसान केले आहे तेवढे उंदरांनीही वायरी कुरतडून केले नसेल.

हे सगळे लिहायचे कारण म्हणजे आमच्या मंडळाने स्वतःचे लाउडस्पीकर घ्यायचे ठरवले आहे. मंडळ बोईसरचे. सभासद थोडे अणुशक्ती केंद्रातून निवृत्त झालेले, थोडे तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणारे आणि थोडे पालघरहून फक्त अल्पोपहारासाठी येणारे. वर्षाला बारा-पंधरा कार्यक्रम: गणपती, कोजागरी, हळदीकुंकू, एक भावगीतांची संध्याकाळ, दोन व्याख्याने आणि ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही असा एक काव्यवाचनाचा प्रसंग. श्रोते दीडशे, फारच वडे असतील तर दोनशे. हॉल ४० बाय ६० फुटांचा, डोक्यावर पत्रा. शिल्लक ९० हजार रुपये, जी जमवायला खजिनदारांना चार वर्षे आणि सभासदांचे बरेच टोमणे सोसावे लागले.

आता एवढ्या भांडवलावर काय घ्यावे? कार्यकारिणीच्या तरुण सदस्यांचे उत्तर तयार होते. "काका, पंधरा इंच डबल. चोवीसशे वॅट. विषय संपला."

विषय संपला नाही, काका अजून जिवंत आहेत.

पहिल्यांदा या वॅटाचे बघू. हा शब्द आपल्या भागात फार वजनाने उच्चारला जातो आणि ते साहजिकही आहे. तारापूरची पहिली दोन अणुयुनिटे १९६९ पासून वीज देऊ लागली तेव्हा त्यांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट सांगितली होती. पुढे अनुभव आल्यावर ती १६० मेगावॅट अशी दुरुस्त करण्यात आली. मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. अणुभट्टीसारख्या अणुभट्टीने आपला आकडा मुकाट्याने खाली आणला! पण लाउडस्पीकरच्या खोक्यावर छापलेला आकडा खाली आल्याचे उदाहरण मला माहीत नाही. १९९० च्या दशकात घरोघरी आलेल्या त्या कॅसेट प्लेअरांवर 'पीएमपीओ' नावाचे एक अद्भुत माप असे. हातात मावणारे यंत्र म्हणायचे, मी १००० वॅटचे! घरातली इस्त्री तेवढ्याच वॅटची असे आणि तिने मीटर कसा पळतो ते सगळ्यांना दिसे. हे यंत्र मात्र सहा सेलांवर १००० वॅट देत असे. ते माप आता मागे पडले, पण त्याचे धाकटे भाऊ धंद्यात आहेत. खोक्यावर जो मोठ्या अक्षरांत 'पीक' आकडा असतो तो क्षणभराच्या धक्क्याचा. सलग चालण्याचा आकडा शोधायचा तर भिंग घेऊन मागच्या बाजूला जावे लागते आणि तो बहुधा पिकाच्या चौथा हिस्सा भरतो. चोवीसशेचे सहाशे. शेतकऱ्याला पीक चार आणे आले तर तो रडतो, आपण मात्र पेढे वाटतो.

बरे, ते सहाशे तरी खरे मानले, म्हणून काय होते? वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलने. म्हणजे नीट कान दिला तर कळेल एवढाच. कानाला आवाज दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट दहापट करावे लागतात. उलट ज्या आकड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही तो म्हणजे एका वॅटला एक मीटरवर लाउडस्पीकर किती डेसिबल देतो तो. एकाचा ९१ असेल आणि दुसऱ्याचा ९७, तर दुसरा शंभर वॅटांत जे करतो त्याला पहिल्याला चारशे लागतात. हा आकडा म्हणजे गाडीचे अॅव्हरेज. स्कूटर घेताना आपण "किती देते?" हे पहिल्यांदा विचारतो. इथे मात्र टाकीत किती लिटर मावते एवढे विचारून घरी येतो.

हिशोबच करू. ९७ चा लाउडस्पीकर, शंभर वॅट. एक मीटरवर ११७ डेसिबल झाले. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत सहा डेसिबल जातात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा मीटर, चोवीस गेले. राहिले ९३. म्हणजे ५०-५२ फुटांवर, आमच्या हॉलच्या मागच्या भिंतीशी, जिथे बसणारे मुळात ऐकायला आलेलेच नसतात, तिथे ९३ डेसिबल! साधे बोलणे समोरासमोर साठच्या आसपास असते. आणि हे एका लाउडस्पीकरचे, शंभर वॅटांतले. मग उरलेल्या वॅटांचे लोणचे घालायचे का?

इथे कायदाही आडवा येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहाने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी असेल त्याच्या वर जायचा नाही. रात्री दहानंतर तर उघड्यावर लावायचाच नाही, सरकारने सवलत दिलेले वर्षातले पंधरा दिवस सोडून, आणि तेही बारापर्यंत. म्हणजे चोवीसशे वॅटची खोकी घेऊन ती पूर्ण ताकदीने वाजवायची तर ती आपण वाजवतो आहोत हे कुणाला कळता कामा नये.

"पण काका, बेस?" असा प्रश्न येतो. बेसशिवाय छातीत धडधडत नाही. माझ्या वयाच्या माणसाला छातीतल्या धडधडीसाठी विजेची गरज लागत नाही, पण ते सोडा. आमच्या बारा-पंधरा कार्यक्रमांत जमिनीतून हादरे यावेत असा एकच प्रसंग येतो, विसर्जन. एक दिवस. त्या एका दिवसासाठी बेसची खोकी भाड्याने आणावीत. दूध वर्षातून एकदा प्यायचे असेल तर म्हैस पाळू नये. भावगीताला लागतो तो डग्गा, हार्मोनियम आणि माणसाचा गळा. चांगला बारा इंची दुहेरी लाउडस्पीकर, म्हणजे खाली बारा इंचाचा पडदा आणि वर कर्णा, हे सगळे सुखाने पेलतो.

पंधरा इंचावर माझा राग आकारामुळे नाही. पडदा जितका मोठा तितका तो उंच स्वरांत आवाज एका अरुंद पट्ट्यात फेकतो. हजाराच्या पुढच्या कंपनसंख्येत पंधरा इंची पडदा समोरच्या चार खुर्च्यांशीच बोलतो. त्या खुर्च्यांवर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि त्यांच्या सौभाग्यवती बसतात, त्यामुळे "आवाज उत्तम!" असा अधिकृत शेरा मिळतो. कडेला बसलेल्यांना नुसता गुरगुराट जातो.

आणि इथेच माझे खरे भांडण आहे.

माणसाच्या बोलण्यात ताकद असते स्वरांत आणि अर्थ असतो व्यंजनांत. अ, आ, ओ यांचा जोर खाली, शे-पाचशे कंपनांच्या आसपास. क, च, ट, त, प यांची धार वर, दोन ते चार हजारांत आणि त्याही पुढे. धार फार बारीक, जोर अगदी थोडा. बेस वाढवला की स्वर फुगतात आणि व्यंजने त्यांच्याखाली गुदमरतात. आपल्या बाराखडीने ही गोष्ट केव्हाच मांडून ठेवली आहे: व्यंजन आधी, काना-मात्रा मागाहून. आमच्या हॉलमध्ये काना-मात्रा तेवढ्या पोचतात. वरचा पत्रा त्या गोळा करून पुन्हा परत पाठवतो. "वेलांटी" हा शब्द तिथे "एआंई" असा ऐकू येतो.

गेल्या वर्षी १४ ऑगस्टच्या संध्याकाळी आम्ही पालघरच्या एका निवृत्त गुरुजींना बोलावले होते. वय ऐंशीच्या पुढे. १९४२ साली याच तारखेला पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले, हे आपल्याकडच्या पोराटोरांना निदान हुतात्मा स्तंभावरून माहीत असते. गुरुजींनी ती हकीकत आपल्या वडिलांकडून ऐकलेली. कुणाचा आवाज वर न चढवता, घरातली गोष्ट सांगावी तशी ते सांगतात. भाड्याने आणलेली खोकी माणसाच्या उंचीची होती आणि ती कुणी आणली त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण दुसऱ्याने आणली असती तरी तीच आली असती. गुरुजी बोलू लागले आणि हॉलभर एक ढग गडगडत राहिला. शेवटी त्यांनी ती पाच नावे घेतली. पागधरे, ठाकूर, तिवारी, चुरी, मोरे. एकेक नाव, मध्ये थांबून. माझ्या शेजारी आठवीतला एक मुलगा वही घेऊन बसला होता, त्याला शाळेत निबंध होता. त्याने माझ्याकडे बघून विचारले, "आजोबा, तिसरं काय म्हणाले?" मग चौथे विचारले. त्याच्या वहीत दोनच नावे होती.

मी त्याला बाकीची सांगितली. पण सांगायला प्रत्येक मुलाच्या शेजारी एक म्हातारा बसवायचा तर लाउडस्पीकर कशाला हवा?

तेव्हापासून मी वॅटांशी दावा मांडला आहे. त्यात मला एक चमत्कारिक साक्षीदार सापडला. आज आपण वापरतो ती लाउडस्पीकरची रचना, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटलेला कागदी शंकू, १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी नीट मांडून दाखवली. दोघेही अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे. आणि तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या कुणाच्या? जनरल इलेक्ट्रिकच्याच! तेव्हा बोईसरकरांनी तरी लाउडस्पीकर या वस्तूकडे घरचे माणूस म्हणून जरा आपुलकीने बघायला हरकत नाही.

दुसरा साक्षीदार त्याहून जवळचा आणि त्याला वीज लागत नाही. आमच्या डहाणू-जव्हारकडचा तारपा. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. होय, कर्णाच. नाचात तारपेवाला मधोमध असतो आणि नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात. वारली चित्रांत बघा, आवाज मध्यावर आणि माणसे भोवती, जवळपास सारख्या अंतरावर. पहिल्या रांगेच्या कानठळ्या आणि शेवटच्या रांगेला मुकाभिनय असला प्रकार तिथे होऊच शकत नाही. आपण मात्र त्याच तारपेवाल्याला हॉलमध्ये आणतो, मंचावर उभा करतो, पुढे माईक लावतो, पंधरा इंच डबलमधून काढतो आणि मग म्हणतो, "पारंपरिक वाद्यात तेवढी मजा नाही हो."

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. बारा इंचाचे दोन घ्यावेत. कर्ण्याचा फाकावा आडवा नव्वद अंशांच्या आसपास असलेले. ते मजबूत स्टँडवर, डोक्यांच्या वर, मंचाच्या पुढच्या कडेच्याही पुढे ठेवावेत. जमिनीवर ठेवलेल्या लाउडस्पीकरची व्यंजने पहिल्या तीन रांगांचे कपडे पिऊन टाकतात. माईकच्या मागे ठेवला तर तो स्वतःचाच आवाज ऐकून शिट्टी मारतो, आणि मग साउंडवाला आवाज कमी करतो, मग मागून "आवाऽज!" अशी आरोळी येते, मग तो वाढवतो. हे खंडकाव्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे.

आणखी एक फुकटची गोष्ट. माईक तोंडापासून एका फुटावर असेल तो अर्ध्या फुटावर आणला की सहा डेसिबल मिळतात. म्हणजे चौपट वॅट, बिनखर्चाचे! पण आपले वक्ते माईक पोटाशी धरतात. एकाला मी सांगितले, तर ते म्हणाले, "माझा आवाज मुळातच मोठा आहे." होता. घरात.

तुम्ही विचाराल, आत मशीन असलेला घ्यावा की वेगळ्या मशीनवर चालणारा? इथे मी तरुणांशी थोडा सहमत आहे, ही गोष्ट त्यांना सांगू नका. आत मशीन असलेल्यात सगळे एकमेकांना जुळवलेले असते, आवाज फार चढला तर ते स्वतःच लगाम खेचते, वायरींचे जंजाळ कमी. पण बिघडला की आतली पाटी काढून मुंबईला धाडावी लागते. साधा असेल तर पडदा इथेच बदलून मिळतो. त्यातून आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. चिंचणी-तारापूरकडे घराच्या खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे नाजूक सर्किटाने किती धीर धरावा? तरी मी आत मशीन असलेलाच म्हणतो, मात्र दुरुस्ती कुठे होते हे आधी विचारून, पावती घेऊन. "बिल नको म्हणा, अठरा टक्के वाचतील," असे म्हणणारा दुकानदार अठरा टक्क्यांबरोबर गॅरंटीही वाचवतो, स्वतःची. आणि फार प्रसिद्ध परदेशी नाव फार स्वस्तात मिळत असेल तर नावाचे स्टिकर नखाने जरा उचकटून बघावे.

वजनाचे मात्र मनातून काढा. १९८० च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले आणि मूठभर चुंबक पूर्वीच्या जात्याएवढ्या चुंबकाचे काम करू लागले. मशीनमधले अवजड ट्रान्सफॉर्मरही गेले. आता चांगले खोके हलके असते. खजिनदारांना हे पटवणे कठीण आहे. त्यांचा आयुष्यभराचा व्यवहार किलोवर.

खरे तर आमच्या हॉलला सगळ्यांत योग्य होता तो जुना कॉलम. शाळेच्या, देवळाच्या, चर्चच्या भिंतीवर उभी टांगलेली ती अरुंद लाकडी पेटी, आत चार-सहा छोटे स्पीकर एकाखाली एक. उभ्या रांगेमुळे आवाज वर-खाली फार पसरत नाही, त्यामुळे पत्र्याला तो सापडत नाही. दिसायला दरिद्री, आवाजात बेस नाही, पण "उद्या शाळेला सुटी आहे" हे वाक्य गावाच्या टोकापर्यंत अक्षरन् अक्षर जायचे. तेच कॉलम आता काळा सूट घालून विलायतेहून परत आले आहेत. आमच्या ९० हजारांत जरा चांगला जोड बसत नाही, नाहीतर मी त्यांच्यासाठी उपोषणाला बसलो असतो.

राहिली परीक्षा. दुकानात गेलात की दुकानदार एक ठरलेले गाणे लावतो, ज्यात गाणे जवळजवळ नसतेच, नुसते धम्म धम्म. त्यावर पत्र्याचा डबासुद्धा रुबाबदार वाटेल. ते बंद करायला सांगायचे. माईक मागायचा. एकाने अनोळखी शब्दांची यादी वाचायची आणि दुसऱ्याने दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे उभे राहून ती लिहायची. किती बरोबर आले ते मोजायचे. ही माझी कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या संशोधकांनी टेलिफोन तपासायला शंभरेक वर्षांपूर्वी असेच अक्षरांचे उतारे वाचून घेतले होते. आपल्याकडे तर यादी तयारच आहे: पाम, टेंभी, दांडी, घिवली, मुरबे, उच्छेळी, कुंभवली. लिहिणारा मात्र या भागातला नको, नाहीतर तो न ऐकताच लिहील. ज्या खोक्यातून 'पाम'चे 'बाम' होईल ते तिथेच सोडावे, मग त्यावर कितीही वॅट छापलेले असोत.

कार्यकारिणीत यावर दीड तास चर्चा झाली. तरुण सदस्य म्हणाले, "काका, लोक हसतील दुकानात." खजिनदार म्हणाले की हसण्याला पैसे पडत नसतील तर त्यांची हरकत नाही. ठरले ते असे: येत्या शनिवारी आम्ही पाच जण लॅमिंग्टन रोडला जातो. यादीत गावांच्या खाली मी पाच आडनावे घातली आहेत. लिहायला तो आठवीतला, आता नववीतला, मुलगा येणार होता. पण त्याला ती आता पाठ आहेत, म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीला नेणार आहोत. वाचणार गुरुजी. त्यांना गर्दीचा त्रास नको म्हणून सकाळच्या डहाणू-चर्चगेट लोकलचे फर्स्ट क्लासचे एक तिकीट मंजूर झाले आहे. बाकीचे चौघे सेकंड क्लासने, आणि येताना खोकी टेम्पोने.